डीजे नावाचा माणूस

गणपती विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांत ‘पोलिसांनी डीजे जप्त केला’ अशी बातमी कुठल्या ना कुठल्या गावाहून येतेच, आणि ती वाचताना आपल्यापैकी कोणालाही काही खटकत नाही. वास्तविक खटकायला हवे. माणसाला अटक होते. जप्त होते ती वस्तू. आणि डीजे हा तर मुळात माणूस. डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्यांवर स्वार झालेला. अमेरिकेतल्या रेडिओवर रेकॉर्डी लावून मधूनमधून बोलणाऱ्या निवेदकांसाठी हा शब्द निघाला. त्या हिशेबाने १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सादर करणारे अमीन सायानी हे आपल्या घराघरांत पोचलेले पहिले मोठे डीजे. त्यांना कोणी जप्त करील अशी कल्पनाही करवत नाही. पण मराठीत ‘डीजे लावला’, ‘डीजे आणला’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. शब्द आपण घेतला आणि त्यातला माणूस तेवढा परत पाठवला.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे तर याहून गंमत आहे. तिकडे या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता. १९६३ ते १९६५ या काळात तो संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून आपल्याच देशात, चंडीगडला, वैज्ञानिक उपकरणांच्या संस्थेत होता. इथून गेल्यावर १९६५ साली त्याने लंडनमध्ये प्रयोगशाळा काढली आणि नाव कमावले ते ध्वनिफितीतली खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेमुळे. ज्या माणसाने नको असलेला आवाज कमी करण्यासाठी डोके झिजवले, त्याचे नाव आपण नको तेवढ्या आवाजाला दिले! असो.

हे सगळे डोक्यात यायचे कारण माझा भाचा. तो ठाण्याला राहतो, पंचेचाळिशीला आलाय आणि गेली पंचवीस-सव्वीस वर्षे लग्नांत, वाढदिवसांना, कंपन्यांच्या समारंभांत गाणी वाजवून घर चालवतो. कोणी ‘काय करतोस’ असे विचारले की तो सांगतो, ‘डीजे आहे.’ त्यावर समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘किती स्पीकर आहेत तुझ्याकडे?’

मी बँकेत अडतीस वर्षे काढली. १९८१ साली लागलो तेव्हा चामडी पाठीची, दोन हातांनी उचलावी लागणारी लेजरे होती. २०१९ साली निवृत्त झालो तेव्हा शाखेत कागद शोधावा लागत होता. त्यामुळे भाच्याची यंत्रे बदलत गेली तसतसे मला त्याचे बोलणे ओळखीचे वाटू लागले. हातातले काम यंत्राने घेतले की माणसाकडे काय उरते, हा प्रश्न आम्हा दोघांच्याही वाट्याला आला. फरक एवढाच, की त्याच्याकडे तो नाचगाण्यातून आला आणि माझ्याकडे जमाखर्चातून.

आधी हे काम हाताचे होते म्हणजे काय होते, ते पाहू. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी एक पार्टी झाली. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यायचे होते. त्यासाठी पैसे जमवायला तिने इमारतीतल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली आणि गाणी वाजवायला भावाला उभे केले. जमैकाहून आलेल्या या भावाला, क्लाइव्ह कॅम्पबेलला, लोक डीजे कूल हर्क म्हणत. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गाण्यात गायन थांबते आणि नुसता ताल उरतो, तो तुकडा आला की नाचणारे खरे रंगात येतात. पण तो तुकडा काही सेकंदांत संपतो. त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच सुरू करायचा, आणि तेवढ्यात पहिली हाताने मागे आणायची. काही सेकंदांचा ताल मिनिटामिनिटांचा झाला. हिपहॉप नावाच्या पुढे जगभर पसरलेल्या संगीताचा जन्म लोक त्या रात्रीपासून मोजतात.

त्याच भागातल्या जोसेफ सॅडलर ऊर्फ ग्रँडमास्टर फ्लॅश या मुलाने इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले होते. फिरत्या रेकॉर्डवर हात ठेवला की खालचे रबर तिला धरून ठेवते आणि यंत्रच अडखळते, हे त्याला खुपत होते. त्याची आई शिवणकाम करायची, त्यामुळे कापडांची त्याला माहिती. त्याने फेल्टची गोल चकती कापली, तिला स्टार्च लावून इस्त्री केली आणि रेकॉर्डखाली घातली. आता वर रेकॉर्ड थांबली तरी खालची थाळी फिरतच राही. रेकॉर्डवर खडूने खूण करून हवी ती जागा नेमकी पकडण्याची युक्तीही त्याचीच. थिओडोर लिव्हिंग्स्टन नावाचा त्याहून धाकटा मुलगा घरी मोठ्याने गाणी लावून बसला होता. आई ओरडायला आली म्हणून त्याने रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि ती नकळत मागेपुढे होऊन खर्र-खर्र असा आवाज आला. तो आवाज त्याला आवडला, त्याने तो घोटला, आणि त्याचेच पुढे ‘स्क्रॅच’ झाले. १९७५ च्या सुमाराची ही हकिगत थिओडोरने स्वतःच सांगितलेली आहे. म्हणजे पाहा, कोणाच्या आईचे शिवणकाम, कोणाच्या आईचा ओरडा. प्रयोगशाळा घरातच होती.

खरी प्रयोगशाळा होती जपानात. तिथल्या मात्सुशिता कंपनीने १९७२ साली ‘टेक्निक्स एसएल-१२००’ हे टर्नटेबल काढले. तोवरच्या पुष्कळशा यंत्रांत मोटर एकीकडे, थाळी दुसरीकडे आणि मध्ये रबरी पट्टा असे. आपल्या पिठाच्या गिरणीत असतो तसा. पट्टा म्हटला की तो घसरणार, सैल पडणार, थांबलेली थाळी वेगात यायला वेळ घेणार. या यंत्रात मोटर थेट थाळीखाली होती. थांबवा, सोडा, पुन्हा थांबवा; थाळी लगेच वेग पकडे. कंपनीने ते घरी शांतपणे संगीत ऐकणाऱ्यांसाठी बनवले होते. डीजे लोकांनी ते पळवले. १९७९ च्या सुधारित आवृत्तीत वेग कमी-जास्त करण्याची सरकपट्टी आली, आणि पुढची तीसेक वर्षे जगभरच्या क्लबांत अकरा-बारा किलोचे हेच यंत्र जोडीने दिसत राहिले.

त्या सरकपट्टीत सगळी विद्या होती. समजा, एक गाणे मिनिटाला ११८ ठोक्यांचे आहे आणि पुढचे १२२ ठोक्यांचे. पहिले वाजत असताना दुसरे मिसळायचे, तर दोघांची चाल एक व्हायला हवी. डीजे एका कानाला हेडफोन लावून दुसरे गाणे ऐके आणि दुसऱ्या कानाने हॉलमधले पहिले. मग सरकपट्टी केसभर खाली, केसभर वर, रेकॉर्डच्या कडेला बोटाचा हलका स्पर्श. पहिले गाणे संपायच्या आत हे जुळले पाहिजे, नाही तर लग्नाच्या दोन वरातींचे बँड एकाच चौकात समोरासमोर आल्यावर होतो तसला प्रकार. हे शिकायला लोकांना महिनोन्महिने लागत, काहींना वर्षे. शिवाय वेग बदलला की आवाजाची पट्टीही बदले, तेव्हा गायिकेचा आवाज चिरका होणार नाही एवढाच बदल करायचा. सत्तरएक रेकॉर्डींची पेटी पंधरा किलोच्या घरात जाई. अशा दोन-तीन पेट्या घेऊन जिने चढायचे, म्हणून घरून निघतानाच ठरवावे लागे, की आज काय वाजवायचे आणि काय घरी ठेवायचे.

आमच्या लेजरांचीही अशीच विद्या होती. महिनाअखेरीला सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. ती पहिल्या झटक्यात जुळली तर साहेब संशयाने बघत. फरक आला की जुने हेडक्लार्क आधी त्याला नऊने भागून पाहत. निःशेष भाग गेला तर बहुधा कोणी तरी आकड्यांची अदलाबदल केली आहे, ५४ चे ४५ लिहिले आहेत. मग त्या वाटेने शोध. रात्रीचे नऊ वाजायचे, समोरचा चहावाला दुकान बंद करता करता शेवटची किटली पाठवायचा. जुळल्यावर होणारा आनंद मी नव्या मुलांना सांगायला जातो तेव्हा ती सौजन्याने ऐकून घेतात.

आता डिजिटलकडे येऊ. १९८२ साली जपानात काँपॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यामागची कल्पना बँकेतल्या माणसाला चटकन कळावी अशी आहे. रेकॉर्डवर ध्वनीच्या लाटेचा आकार खाचेत कोरलेला असतो. सीडीवर त्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ते आकडे लिहून ठेवलेले असतात. म्हणजे गाणे ही आता एक नोंदवही झाली. नोंद सुईने झिजत नाही. तिची हुबेहूब नक्कल होते. तिच्यातले हवे ते पान क्षणात उघडता येते. आणि मुख्य म्हणजे आकड्यांवर आकडेमोड करता येते: वेग वाढवून पट्टी तीच ठेवणे, एक तुकडा कितीही वेळा फिरवत राहणे. कूल हर्कने दोन रेकॉर्डी आणि दोन हात लावून जे केले, ते आता एका बटणावर आले.

डीजेच्या हातात डिजिटल यंत्र लवकर रुळले अशा जागांपैकी एक आपल्या शेजारीच आहे. गोव्यात हणजूण, वागातोरच्या किनाऱ्यांवर परदेशी मंडळींच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली होत. उघड्यावर, उन्हात रेकॉर्ड वाकडी होते आणि धुळीने खरखरते. म्हणून तिथले डीजे आधी कॅसेटींवर आणि १९८७ मध्ये डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजे ‘डॅट’, आल्यावर त्या चिमुकल्या फितींवर वाजवू लागले. कॅलिफोर्नियाहून येऊन गोव्याचाच झालेला गोवा गिल (तो २०२३ साली वारला) दोन डॅट यंत्रांवर वाजवण्यासाठीच ओळखला जाई. पण फितीचा वेग बदलता येत नसे, म्हणजे दोन गाण्यांची चाल जुळवणे अशक्य. तेव्हा गाण्याची सुरुवात आणि शेवट ठोक्याविना, नुसत्या लांबवलेल्या सुरांची असणे सोयीचे पडे, कारण ते एकमेकांत विरघळवता येत. गोवा ट्रान्स नावाने पुढे जे संगीत जगभर गेले, त्याच्या या ठेवणीमागे यंत्राची ही अडचणही आहे, असे जाणकार सांगतात. हत्यार बदलले की नुसते काम बदलत नाही, वस्तूचा घाटही बदलतो, तो असा.

क्लबांत मात्र सीडीला दारात बराच वेळ उभे राहावे लागले. १९९४ साली पायोनियर कंपनीने खास डीजेंसाठी ‘सीडीजे-५००’ काढला, पण जुन्या लोकांनी नाके मुरडली. रेकॉर्डला हात लावता येतो, सीडीला कसा लावणार? २००१ च्या ‘सीडीजे-१०००’ वर एक मोठे चाक होते. ते रेकॉर्डसारखे दाबून धरता, मागेपुढे करता येई आणि आवाजही तसाच येई. आत तबकडीला कोणी हात लावत नव्हते. चाकाच्या हालचालीचे आकडे होऊन ते संगणकाला जात होते. तरी हाताला समाधान मिळाले आणि दार उघडले.

याहून मजेदार तोडगा हॉलंडमधल्या मंडळींनी काढला. तोवर जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांच्या कामातून आलेल्या एमपी-३ पद्धतीने गाण्याचा आकार दहाव्या हिश्शावर आणून ठेवला होता आणि हजारो गाणी लॅपटॉपमध्ये मावत होती. पण लॅपटॉपची बटणे दाबण्यात कसली आली मैफल? म्हणून त्यांनी एक अशी रेकॉर्ड तयार केली जिच्यावर गाणेच नव्हते. होता फक्त एक सांकेतिक सूर. सुई त्या खाचेत कुठे आहे, कोणत्या दिशेने, किती वेगाने जाते आहे, हे त्या सुरावरून संगणक ओळखी आणि आपल्या पोटातले गाणे तसे हलवी. ‘फायनल स्क्रॅच’ हे त्याचे नाव. पुढे २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटो कंपनीने अशीच प्रणाली आणली आणि ती घरोघर झाली. जुने यंत्र, जुनी सुई, जुना हात. फक्त रेकॉर्ड रिकामी.

मला या रिकाम्या रेकॉर्डचे मुळीच नवल वाटले नाही. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली अहवाल दिला आणि बँकांत यंत्रे येऊ लागली, संघटनांच्या विरोधाला तोंड देत देत. आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचे यंत्र आले तेव्हा त्याच्या पडद्यावरचे रकाने थेट जुन्या लेजरसारखे आखलेले होते: तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. त्यामुळे हात घाबरला नाही. नवे यंत्र माणसाच्या घरात शिरताना नेहमी जुन्याचे कपडे घालून येते. एकदा का ते आत रुळले, की कपडे उतरवते.

तसे ते उतरलेही. २००९ मध्ये पायोनियरच्या नव्या यंत्राने यूएसबी स्टिक घ्यायला सुरुवात केली. घरी संगणकावर गाणी लावून ठेवायची आणि करंगळीएवढी वस्तू खिशात घालून निघायचे. २०१० साली टेक्निक्सने आपले ते प्रसिद्ध टर्नटेबल बनवणे बंद केले. (लोकांनी इतकी हळहळ केली की २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले; पण आता ते प्रामुख्याने शौकिनांच्या दिवाणखान्यासाठी.) २०१२ पासून त्या क्लबांतल्या यंत्रांवरही ‘सिंक’ नावाचे बटण आले. यंत्र गाणे आधीच वाचून ठेवते, प्रत्येक ठोक्यावर एक रेघ मारते आणि बटण दाबताच दोन गाण्यांच्या रेघा एकमेकींवर बसवते. सरकपट्टीवरची सारी तपश्चर्या एका बोटाखाली आली. आणि २०२० च्या ‘सीडीजे-३०००’ मध्ये तर सीडी घालायची फटच नाही! नाव तेवढे राहिले, आपण मोबाइलवरही अजून ‘फोन फिरवतो’ तसे. गेल्या काही वर्षांत संगणक तयार गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा आणि ताल वेगळा काढून देऊ लागला आहे. शिजलेल्या भाजीतून मीठ परत काढावे असा हा प्रकार.

आपल्या महाराष्ट्रात मात्र या कथेतला पहिला अध्यायच गाळलेला आहे. विलायती रेकॉर्डी आणि जोडीची टर्नटेबले मुंबईच्या पंचतारांकित डिस्कोथेकांपलीकडे फारशी आलीच नाहीत. गावात मंडपवाल्याकडे एक रेकॉर्डप्लेअर, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि झाडावर बांधलेला भोंगा असे. मग कॅसेट आली. भाच्याने १९९९ मध्ये सुरुवात केली ती दोन कॅसेट डेकवर. पेन्सिल घालून फीत हवी तिथे आणून ठेवायची. दोनेक वर्षांत सीडी, मग लॅपटॉप, मग दोन चाकांचा एक चपटा कंट्रोलर, आता पेनड्राइव्ह. त्याला पूर्वी एक टेम्पो लागे, आता पाठीवर सॅक पुरते. टेम्पो आजही असतो, पण तो स्पीकरसाठी. माणसाच्या हातातले उपकरण लहान लहान होत खिशात गेले आणि रस्त्यावरचे मोठे मोठे होत भिंतीएवढे झाले. लोकांना भिंत दिसते. माणूस दिसत नाही, तो या कारणाने.

गेल्या मार्गशीर्षात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका लॉनवर लग्न होते. भाचा तिथे वाजवणार होता आणि मी नाशकातच होतो म्हणून त्याने मला बोलावले. त्याचा मदतनीस, बावीस वर्षांचा चुणचुणीत मुलगा, सुरुवातीचा तासभर सांभाळत होता. एका गाण्यातून दुसरे असे निघत होते की सांधा सापडू नये. पडद्यावर रेघांवर रेघा बसलेल्या. आणि समोरची नाचायची जागा मात्र हळूहळू रिकामी झाली. नवऱ्या मुलाचे चार मित्र उरले, तेही मोबाइल बघत.

भाचा आला. त्याने पडद्याकडे पाहिलेच नाही. अर्धा मिनिट खुर्च्यांकडे पाहिले. मुलाकडची मंडळी अलिबागकडची होती. काठापदराच्या साड्यांतल्या, गुडघे धरून बसलेल्या सात-आठ बायका एका रांगेत होत्या. त्याने एक जुने कोळीगीत काढले. मुलाने सवयीने सिंक दाबले, आणि लगेच घोटाळा झाला. दोन ताल एकमेकांच्या पायांत पाय घालू लागले. भाच्याने बटण बंद केले, एक कान हेडफोनला लावला, चाकावर दोन बोटे ठेवली आणि ते गाणे जवळजवळ कडेवर घेतल्यासारखे आत आणले. दुसऱ्या कडव्याला त्या रांगेतली पहिली बाई उठली. तिच्यामागे बाकीच्या. मग मुलीकडच्या. पाच मिनिटांत वरमाईसुद्धा.

मागून मी विचारले, ‘बटण का नाही चाललं रे?’

‘मामा, आताची गाणी यंत्रावरच बनवतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत ठोका एकसारखा, म्हणून रेघा बसतात. हे गाणं माणसांनी बसून वाजवलंय. ढोलकीवाल्याच्या हातात घड्याळ नव्हतं. रंग चढला की त्याची लय चढते. ती कुठे चढते ते आधी ठाऊक पाहिजे, आणि मग त्याच्याबरोबर चढायचं.’

‘आणि हेच गाणं का?’

‘त्या मावशी बसल्या होत्या ना, त्यांचे पाय बघत होतो. बाकी अंग गप्प होतं, पण अंगठे हलत होते.’

कादंबऱ्या लिहिणाऱ्याने हेवा करावा असे हे निरीक्षण. पण मी विचार करत राहिलो तो वेगळाच. हे बघणे तो शिकला कुठे? त्यानेच सांगितले: कॅसेटच्या दिवसांत. एक गाणे वाजत असताना दुसरी फीत तयार ठेवायला चार मिनिटे लागत. चुकीची कॅसेट काढली तर ती फुकट जात. म्हणून निवडण्याआधी माणसे नीट बघून घ्यावी लागत. पंधरा किलोची पेटी वाहणाऱ्या ब्राँक्समधल्या पोरांचेही तेच. ज्याच्याजवळ थोडे असते त्याला नेमके निवडावे लागते. आज मदतनिसाच्या पेनड्राइव्हमध्ये वीस हजार गाणी आहेत आणि चूक दुरुस्त करायला दोन सेकंद पुरतात. मग तो खुर्च्यांकडे बघेलच कशाला? आमच्याकडेही हेच झाले. हाताने लेजर लिहिताना कोणाचा पगार किती तारखेला येतो, कोणाच्या खात्यातून जून महिन्यात बियाण्याचे पैसे जातात, कोण हल्ली वरचेवर थोडे थोडे काढू लागला आहे, हे न शिकवता कळत गेले. पुढे कर्ज मंजूर करायच्या खुर्चीवर बसलो तेव्हा तेच उपयोगी पडले. ते कंटाळवाणे काम होते आणि तीच शाळा होती. काम यंत्राने घेतले ते उत्तम केले. पण शाळाही त्याबरोबर गेली, आणि ती दुसरीकडे कुठे भरवायची याचा विचार आपण केला नाही.

याचा अर्थ यंत्रे वाईट, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. पूर्वी हा धंदा करायला विलायती यंत्रे आणि रेकॉर्डींचा साठा परवडणारा बाप लागे. आज एखाद्या तालुक्याच्या गावातली मुलगी जुन्या लॅपटॉपवर शिकून उभी राहू शकते, आणि राहतेही. मोठ्या क्लबांतली यंत्रे आजही लाखाच्या पुढची आहेत. पण शिकण्याला ती लागत नाहीत. बदल्यात या धंद्यातल्यांची किंमत घसरली. ‘बटण तर दाबायचंय, एवढे पैसे कशाला?’ असे यजमान तोंडावर म्हणतात. लग्नात दर दहा मिनिटांनी कोणी तरी आपला मोबाइल पुढे करतो, ‘हे लाव.’ भाचा हसून ‘पुढचं तेच’ म्हणतो आणि आपल्याला हवे ते लावतो. हे सौजन्य कोणत्याही यंत्रात अजून आलेले नाही.

आणि आता त्या भिंतीविषयी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी. काही ठरावीक दिवशी राज्य सरकार ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. कामाच्या जागी कानाला ८५ डेसिबल आठ तास सोसावेत, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करावी, हा अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा निकष. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. मिरवणुकीत आपली मुले त्या भिंतीसमोर चार-चार तास नाचतात, आणि ज्यांच्या खिडकीखालून ती जाते त्या घरात कोणी तरी आजारी, कोणी तरी तान्हे असतेच.

हा आवाज कोण वाढवतो? विचारून पाहा. मंडळाचा कार्यकर्ता म्हणतो, ‘डीजेच तसा आहे.’ बँकेच्या खिडकीवर तुम्हालाही असेच उत्तर कधी तरी मिळाले असेल: ‘सिस्टीम घेत नाही.’ ही ‘सिस्टीम’ नावाची व्यक्ती मला अडतीस वर्षांत एकदाही भेटली नाही. प्रत्येक वेळी तिच्यामागे कोणी तरी एक माणूस होता, ज्याने काही तरी ठरवले होते किंवा ठरवायचे टाळले होते. म्हणून मला शब्दाची ही चूक नुसती गमतीची वाटत नाही. यंत्रालाच डीजे म्हटले की काय वाजवायचे, किती वाजवायचे आणि कोणासाठी, याला उत्तर द्यायला कोणी उरत नाही. जप्त करायला भिंत उरते, एवढेच. ठोका जुळवण्याचे काम यंत्राने घेतले, ते त्याला खुशाल द्यावे. उत्तर द्यायचे काम मात्र त्याने मागितलेले नाही. ते आपणच त्याच्याकडे सरकवले आहे.

त्या रात्री नाशिकला पावणेदहाला भाच्याने मदतनिसाला जवळ बोलावले आणि आवाजाच्या दांडीवर त्याचा हात ठेवायला लावला. ‘दहाला एकदम बंद केलंस तर लोक भांडायला येतात,’ तो त्याला सांगत होता. ‘आतापासून केसाकेसानं उतरव. गाणी निवड अशी, की एकेक जण आपण होऊन बसायला जाईल.’ मुलाने पडद्यावरची नजर काढली आणि समोर बघायला सुरुवात केली. दहाला पाच कमी असताना बायका घाम पुसत खुर्च्यांकडे वळल्या होत्या. शेजारच्या बंगल्यातला वरच्या मजल्यावरचा दिवा तेवढ्यात मालवला गेला, आणि ते मुलाने पाहिले.